कच्च्या-पक्क्यांचा बँड

सर्कस बुडाली तेव्हा वाघ एकाने नेले, तंबू दुसऱ्याने नेला, आणि मास्तरांच्या वाट्याला एक ट्रंपेट आणि सोनेरी काठाचा लाल कोट एवढंच आलं. उभी हयात त्यांनी सर्कशीच्या बँडात काढलेली. झोक्यावरची बाई हवेत सुटली की ड्रम, तिने पलीकडचा झोका पकडला की ट्रंपेट, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर अशा माणसाला दुसरं काम कोण देणार? पण नशीब असं की मध्यवर्ती कारागृहाला नेमका त्याच महिन्यात बँडमास्तर हवा होता.

"वाघांच्या पिंजऱ्यापुढे वाजवत होतात, आता माणसांच्या पिंजऱ्यात जाऊन वाजवा," बायको म्हणाली. "गज काही सुटले नाहीत तुमचे."

"वाघ टाळ्या वाजवत नव्हते," मास्तर म्हणाले. "ही माणसं वाजवतील."

पहिल्या दिवशी ते लाल कोट घालूनच कामावर गेले. फाटकावरच्या शिपायाने हसू दाबत त्यांची झडती घेतली. शिवणकामाच्या शेडला लागून एक लांबट खोली त्यांना मिळाली. एका कोपऱ्यात मोडक्या शिलाई यंत्रांचा ढीग, दुसऱ्या कोपऱ्यात कपाट. कपाटात अग्निशमन दलाने काढून टाकलेली वाद्यं होती. पोचे पडलेला युफोनियम, सरकती नळी अडकलेले ट्रॉम्बोन, एक क्लॅरिनेट, झांजा. मास्तरांनी एकेक वाद्य बाहेर काढून कोटाच्या बाहीने पुसलं आणि त्यांना असा काही हुरूप चढला की दुपारचा डबा उघडायचा राहून गेला.

मग माणसं निवडायची वेळ आली. मास्तरांनी बोटं बघितली. सडपातळ, चपळ, लांब बोटांची पोरं निवडली. आणि काय सांगावं, पोरं इतक्या झपाट्याने शिकली! दोन महिन्यांत सूर धरायला लागली. तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी मास्तर खोलीत आले, तर क्लॅरिनेट जागच्या जागी आणि वाजवणारा गायब. पुढच्या आठवड्यात दोन ट्रंपेटवाले गेले. महिनाअखेर मास्तर, ड्रम आणि एक लंगडा युफोनियमवाला एवढेच उरले.

"पळाले की काय?" मास्तरांनी घाबरेघुबरे होऊन विचारलं.

बराकींचा म्हातारा हवालदार पोट धरून हसला. "पळतायत कशाला? सुटले! मास्तर, चपळ बोटांची पोरं म्हणजे खिसेकापू आणि सायकलचोर. दोन महिने, चार महिने, फार तर वर्ष. तुम्ही बोटं बघून माणसं घेता. मुदत बघून घ्या."

मास्तर त्या संध्याकाळी घरी जाताना वाटभर हसत होते. खरंच की! झोका किती लांब आहे ते बघितल्याशिवाय कोणी उडी मारतं का?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवा कायदा केला. नवीन माणूस आला की पहिला प्रश्न, "किती?" तीनचार महिने म्हटलं की झांजा. वर्षभर म्हटलं की साइड ड्रम. दोनतीन वर्षं असतील तर युफोनियम, ट्रॉम्बोन. आणि ट्रंपेट फक्त जन्मठेपेला, कारण ट्रंपेटला ओठ बसायलाच दोन वर्षं लागतात. बराकींत ही वाटणी इतकी ठाऊक झाली की न्यायालयातून परत आलेल्या माणसाला लोक "काय लागलं?" ऐवजी "कुठलं वाद्य लागलं?" असं विचारू लागले. एकाला "ट्रॉम्बोन" म्हणताना रडू कोसळलं.

राहिले कच्चे कैदी. म्हणजे ज्यांचा खटला अजून चालूच आहे, दोषी की निर्दोष हे कोणी ठरवलेलं नाही, आणि जामिनाला माणूस मिळत नाही म्हणून आत बसलेत ते. मास्तरांना वाटलं होतं असे मोजकेच असतील. पण निम्म्याहून जास्त तुरुंग कच्चाच निघाला! हे लोक उद्या सुटतील की पाच वर्षांनी, देवालाच ठाऊक. त्यांना काय द्यायचं? मास्तरांनी त्यांना पाठीमागे उभं करून टाळ्यांचा ठेका दिला.

एकदा जेवताना लेकीने विचारलं, "बाबा, आत सगळे खुनीच असतात ना?"

"छे गं! वर्षभरात आत येणाऱ्यांत खुनी हाताच्या बोटांवर. बाकी भुरटे चोर, दारूवाले, मारामारीवाले, कोणी खोटी सही केलेला. बहुतेक पोरसवदा, बहुतेक गरीब, निम्म्यांना स्वतःची सही येत नाही. बायकांची बराक तर एवढीशी, भिंतीपलीकडे."

"मग तुमच्या बँडमध्ये एवढे खुनी कसे?"

मास्तर घास हातात घेऊन थांबले. "कारण चोर वाहून जातात आणि खुनी साचतात. नदी पुढे निघून जाते, विहिरीतलं पाणी तिथंच असतं. कधीही डोकावून बघ, विहीरच भरलेली दिसणार."

"आणि तुम्ही विहिरीकाठी ट्रंपेट वाजवता," बायको म्हणाली. "भाजी वाढू का?"

त्या विहिरीतला पहिला माणूस म्हणजे सुतार. हाताचे पंजे फावड्याएवढे, बोलणं मोजून दोन शब्द. धंद्यातल्या भागीदाराशी भांडण झालं, रागाच्या भरात पटाशी हातात होती, आणि एका क्षणात दोन घरं बसली. जन्मठेप. पहिली दोन वर्षं त्याच्या ट्रंपेटमधून म्हशीचा आवाज निघायचा. तिसऱ्या वर्षी एका सकाळी सूर लागला आणि तो स्वतःच दचकून मागे बघू लागला, कोणी वाजवलं म्हणून! मास्तरांनी त्याच्या पाठीत अशी थाप मारली की स्वतःचंच मनगट दुखावून घेतलं.

दुसरा होता पाहुणा. खिसेकापू. चार महिने आत, सहा महिने बाहेर, पुन्हा आत. प्रत्येक खेपेला फाटकातून येताना विचारायचा, "माझ्या झांजा कोणी वापरल्या तर नाहीत ना?" हप्त्याहप्त्यानं शिकत शिकत तो झांजांत असा तरबेज झाला की मास्तर म्हणायचे, याला एकदाच चांगली लांब शिक्षा झाली असती तर सोनं झालं असतं. मग स्वतःच जीभ चावायचे.

तिसरा कारकून. गोदामात नोकरीला. मालकाने माल परस्पर लांबवला आणि कागदांवर सही सापडली याची. सरकारी वकील म्हणाला, गुन्हा कबूल कर, वर्षदीड वर्षात घरी जाशील. कारकून म्हणाला, "न केलेलं कबूल कसं करू?" झालं. कच्चा तो कच्चाच राहिला. तारखांवर तारखा पडत गेल्या. कबूल केलेले चोर सुटून गेले आणि हा टाळ्याच वाजवत राहिला. तिसरं वर्ष लागलं तेव्हा मास्तरांनी आपला कायदा मोडला आणि क्लॅरिनेट त्याच्या हातात ठेवला.

"मी उद्या सुटलो तर?" कारकून म्हणाला.

"सुटलास तर पेढे वाटीन. तोवर वाजव."

आणि त्याने काय वाजवलं! हिशेबात मुरलेली ती बोटं. एकही सूर इकडचा तिकडे नाही. मास्तरांनी खास त्याच्यासाठी एक धून बांधली. सर्कशीतल्या झोक्याचीच धून होती ती. आधी ड्रमचा घुमारा, मग सगळा बँड थांबतो, आणि एकटा क्लॅरिनेट पायऱ्या चढत चढत वर जातो, वर जातो, आणि हात सोडतो! मग झांज.

आणखी दोन वर्षांनी शहराच्या मैदानावरच्या बँड स्पर्धेचं आमंत्रण आलं. तुरुंगाच्या बँडला! अधीक्षक साहेबांनी मास्तरांना बोलावून विचारलं, "नेऊ का? एक जरी पळाला तर माझी खुर्ची गेली."

"साहेब, ज्यांना ट्रंपेट दिलाय ते पळणार नाहीत. आठ वर्षं ओठ बसवलेत त्यांनी."

साहेबांनी मास्तरांच्या लाल कोटाकडे एकदा बघितलं आणि होकार दिला. कच्च्यांना बाहेर न्यायला न्यायालयाची परवानगी लागते, तीही त्यांनी मिळवली. त्या दिवसापासून तुरुंगात दुसरा विषय नाही. शिवणकामाच्या शेडने निळे कोट शिवले. धोबीकाम करणाऱ्यांनी ते तीन तीनदा इस्त्री केले. खुनाच्या बराकीतले आणि चोरीच्या बराकीतले, एरवी एकमेकांच्या सावलीला न उभे राहणारे, दोघेही म्हणू लागले, "आपला बँड."

आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी कारकुनाचा खटला निघाला.

सकाळी तो न्यायालयात गेला तेव्हा मास्तरांना काळजी नव्हती. नेहमीसारखी तारीख पडेल. चार वाजता गाडी परत आली. कारकून उतरला तो भेलकांडत. बराकीच्या अंगणात मास्तर समोर दिसताच त्याने त्यांचा हात घट्ट धरला.

"काय झालं? काय झालं अरे?"

"न्यायाधीश बाईंनी विचारलं, या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा किती? वकील म्हणाला तीन वर्षं. बाई म्हणाल्या, आणि हा आत किती दिवस आहे? वकिलाने सांगितलं. बाई चिडल्या, मास्तर. म्हणाल्या, दोषी ठरला असता तरी हा कधीच घरी असता! खटला पुढे चालेल, पण ह्याला आत्ताच्या आत्ता सोडा."

मास्तरांनी त्याला मिठीच मारली. अंगणात एकच गलका उठला. कोणी त्याची पाठ थोपटतंय, कोणी त्याला उचलतंय, पाहुणा कुठूनतरी झांजा आणून बडवतोय. आणि त्या गलक्यात मास्तरांना एकदम आठवलं. उद्या! उद्या क्लॅरिनेट कोण वाजवणार?

कारकुनालाही तेच सुचलं. "मास्तर, मी उद्याचा दिवस थांबतो. एक दिवसाने काय होतंय?"

"वेडा आहेस का? सुटलेल्या माणसाला इथे एक तास ठेवता येत नाही. आणि ठेवता आला असता तरी मी ठेवला नसता. फाटकाबाहेर तुझी बायको उभी आहे. चल, पाय उचल! मागे वळून बघितलंस तर बघ!"

कारकून गेला. बंदी व्हायला, म्हणजे सगळ्यांना बराकीत कोंडायला, जेमतेम वेळ उरला होता. बँड गोल करून बसला, तोंडं उतरलेली. तेव्हा सुताराने घसा खाकरला.

"मी वाजवतो."

"अरे, तो क्लॅरिनेटचा तुकडा आहे. त्या पायऱ्या ट्रंपेटवर चढायच्या म्हणजे…"

"पट्टी एकच आहे ना? दोन वर्षं कानावर पडतंय." एवढं लांब वाक्य सुतार उभ्या आयुष्यात बोलला नव्हता.

तेवढ्यात कुलपांची वेळ झाली. सराव करायला फक्त सकाळचा गाडीचा प्रवास उरला.

आणि तो प्रवास! जाळीच्या खिडक्यांची ती निळी गाडी, दोन्ही बाकांवर निळे कोट, मधोमध गुडघ्यात ट्रंपेट धरून सुतार, त्याच्यासमोर उकिडवे बसलेले मास्तर. बंद गाडीत ट्रंपेट वाजवला तर सगळे बहिरे व्हायचे. हवालदाराने क्षणभर विचार केला आणि स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून ट्रंपेटच्या तोंडात कोंबली.

"हं. आता वाजव."

टोपीतून मच्छराएवढा सूर निघाला. मास्तर पायऱ्या गाऊन दाखवायचे, सुतार वाजवायचा. चौथ्या पायरीवर घसरायचा. पुन्हा. पुन्हा घसरायचा. मग बाकावरचे सगळे गाऊ लागले, ता-ता-ती-ती, एक बाक खालचा सूर, दुसरा बाक वरचा. बंदूकवाला शिपाई पायाने ठेका धरू लागला. मैदान दिसायला लागलं त्या वळणावर सुतार चौथी पायरी चढला, पाचवी चढला, आणि अगदी वरचा सूर टोपीतून असा निसटला की ड्रायव्हरनेच हॉर्न वाजवून सलामी दिली!

"चढलास, बाप माणसा, चढलास!" मास्तर उठले ते टपाला डोकं आपटूनच खाली बसले.

मैदान माणसांनी फुललेलं. गोदी कामगारांचा बँड, कॉलेजचा बँड, टपालखात्याचा बँड. तुरुंगाचं नाव पुकारलं तशी कुजबुज पसरली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पर्स छातीशी धरली. ते बघून पाहुण्याचा चेहरा पडला. "मास्तर," तो पुटपुटला, "त्या बाईंना सांगा, आज मी ड्युटीवर आहे."

मास्तरांना खदखदून हसू आलं. त्याच हसऱ्या तोंडाने त्यांनी छडी उचलली.

पहिली धून झकास झाली. दुसरीला लोक पाय आपटू लागले. मग झोक्याची धून. ड्रम घुमला, बँड थांबला, मास्तरांनी छडी सुताराकडे वळवली.

सूर निघेना.

सुतार समोर बघत होता. गेली कित्येक वर्षं त्याची नजर कुठल्यातरी भिंतीला जाऊन थडकत होती. इथे ती जी निघाली ती मैदान, झाडं, पलीकडचे रस्ते ओलांडून दूर टेकड्यांपर्यंत गेली. अडवायला काही नाही! त्याचे डोळे भरून आले, ओठ थरथरायला लागले.

ड्रमवाल्याने घुमारा चालूच ठेवला. पाहुण्याने प्रसंग ओळखून झांजांची हलकी शिरशिरी सोडली, जणू हे असंच बांधलेलं आहे. आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की सुताराची नजर टेकड्यांवरून खाली आली आणि गर्दीत एका जागी थांबली. मास्तरांनी हळूच मान वळवली. तिथे कारकून उभा होता. अंगावर अटकेच्या दिवशीचा सदरा, तो आता दोन मापं मोठा झालेला, आणि त्याचं कोपर घट्ट धरून त्याची बायको. त्याने दुसरा हात छातीवर ठेवला होता आणि त्याची बोटं सदऱ्याच्या गुंड्यांवरून क्लॅरिनेटची धून वाजवत होती. पहिली पायरी, दुसरी पायरी.

सुताराने श्वास घेतला.

ट्रंपेट निघाला तो क्लॅरिनेटसारखा नाजूक नव्हे. सुताराच्या हातांसारखाच, राकट. पायरीपायरीने चढला. चौथ्या पायरीला मास्तरांनी डोळे मिटले. चढला! पाचवी! वरचा सूर मैदानावर असा उघडला की मास्तरांना तंबूच्या टोकाखाली झोक्यावरून सुटलेली बाई दिसली, दोन्ही हात पसरलेली, आणि झांज वाजली तेव्हा तिने पलीकडचा झोका पकडलेला होता.

मैदान उठून उभं राहिलं. पर्सवाल्या बाईंनी पर्स काखेत मारून टाळ्या पिटल्या.

तिसरा नंबर आला. निकाल ऐकून सुताराने विचारलं, "तिसरा म्हणजे चांगलाच ना?"

"अरे, कॉलेजचा बँड आपल्या मागे आहे! मागे!" मास्तर ओरडले. कारकुनाला जवळ येऊ देणार नाहीत म्हणून तो दोरीपलीकडूनच हात हलवत होता, आणि त्याची बायकोही.

परतताना कोणाच्या तोंडाला कुलूप राहिलं नाही. हवालदाराची टोपी आता जागेवर होती आणि ट्रंपेट मोकळा होता. पाहुणा म्हणाला, "ड्रायव्हरकाका, जरा तळ्याकाठून घ्या की." ड्रायव्हरने आरशातून हवालदाराकडे बघितलं. हवालदार खिडकीबाहेर बघू लागला, म्हणजे त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. गाडी तळ्याकाठून निघाली. जाळीतून वारा आला आणि आतून बँड सुरू झाला. फुटपाथवरची माणसं थबकली. एका दुकानदाराने शटर अर्धं ओढता ओढता सोडून दिलं. लहान पोरं गाडीमागे धावली. सुतार जाळीला गाल लावून पाणी बघत होता आणि मध्येच ट्रंपेट तोंडाला लावत होता.

फाटकात साहेब उभे होते.

"एवढा उशीर?"

"रस्ता बंद होता, साहेब," हवालदार म्हणाला.

"कोणता?"

"सगळेच."

साहेबांनी एकेकाला मोजून आत घेतलं. शेवटचा माणूस आत आल्यावर त्यांच्या खांद्यांवरचा भार उतरलेला लांबूनही दिसला. तिसऱ्या नंबराची ढाल त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि तोंडभर हसले.

मास्तर घरी पोचले ते पायातले बूट न काढताच बोलू लागले. लेकीला टोपीचा किस्सा सांगितला, बायकोला झांजांचा सांगितला, मग लेकीला झांजांचा आणि बायकोला टोपीचा सांगितला. सर्कशीत टाळ्या झोक्यावरच्या बाईला मिळायच्या, बँड अंधारात बसलेला असायचा. आज पहिल्यांदाच लोकांनी बँडकडे बघून टाळ्या वाजवल्या होत्या, हे तर त्यांनी दोघींना दोनदोनदा सांगितलं.

"निवणार आहे सगळं. जेवा आता," बायको म्हणाली. "आणि पुढच्या वर्षीचं आत्ताच बोलू नका. तोवर कोण आत असेल, कोण सुटेल, सांगता येतं का?"

"सांगता येत नाही म्हणूनच!" मास्तर पाटावरून उठलेच. "पाहुण्याचे फक्त तीन महिने राहिलेत. उद्याच्या उद्या दुसरा झांजवाला तयार करायला घेतो."